शेंदराचा मान

“औंदा शेंदूर भुजंग लावल,” चंद्रप्पा वस्ताद म्हणाले आणि मलप्पाच्या पुढ्यातली वाटी त्यांनी उचलली.

झालं! हनुमान जयंतीच्या सकाळीच मलप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. मुखेडच्या या तालमीत मारुतीला शेंदूर लावायचा मान लंगोटाच्या सच्च्या गड्याचा. ऐन जवानीत मलप्पानं मारुतीपुढं ब्रह्मचर्याची शपथ घेतली, तेव्हापासून तो मान त्याचाच. निजामाचे पोलीस अमीन आले-गेले, उत्सवाला कधी इजाजत मिळाली, कधी दंडुके मिळाले. पण शेंदराचा हात बदलला नव्हता. त्या शपथेपायी त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती. तारामतीची. मग तिच्याशी लग्न केलं कुणी? ह्याच भुजंगानं!

मलप्पा कधी त्यांच्या दारावरून गेला नाही. पण तालमीत भुजंग तिनं बांधून दिलेल्या भाकरीचं फडकं सोडायचा, तेव्हा मलप्पा पाठ फिरवून जोर काढायला लागायचा. गेल्या पावसाळ्यात तारामती पटकीनं गेली. दुसरी कर म्हणून भावकीनं भुजंगाचं डोकं खाल्लं. त्यानं ऐकलं नाही. लंगोट बांधून तालमीतच राहायला आला.

“वस्ताद, बायको मेली की माणूस ब्रह्मचारी व्हतो व्हय?” मलप्पा उसळला. “ह्यानं संसार बी केला, आन् आता मान बी ह्यालाच? मग मला काय मिळालं?”

“तू चाखलंच न्हाईस, मलप्पा. ह्यानं चाखून सोडलंय. लई अवघड हाय ते.”

न चाखता सोडणं सोपं असतं होय? कप्पाळ!

भुजंगानं तेलात शेंदूर कालवला, बोटं मूर्तीपाशी नेली आणि तसाच थांबला.

“लाव की! आता काय झालं?” मलप्पा खेकसला.

“हात उचलंना रं. तिला सरणावर न्यायच्या आधी ह्याच बोटांनी तिचा मळवट भरला व्हता. तूच लाव, मलप्पा.”

मलप्पाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आला ना मान परत! तरातरा पुढं होऊन त्यानं भुजंगाचं मनगट धरलं, बाजूला सारायला म्हणून. आणि त्याची नजर त्या लाल बोटांवर गेली. ही बोटं तिच्या कपाळाला लागली होती. आपण जन्मभर काय चाचपलं? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला मारुती दगडाचा वाटला.

“सोड की, सरकतो मी,” भुजंग म्हणाला.

वस्ताद बघत होते, सगळी तालीम बघत होती, आणि मलप्पाला ते मनगट सोडवत नव्हतं.