कोरा वॉर्ड

वॉर्ड व्यसनमुक्त झाला. सत्कार झाला, ट्रॉफी मिळाली, ट्रॉफीचा एक कान स्टेजवरच निखळला आणि तो शोधायला सगळे मान्यवर टेबलाखाली गेले. आता हे विसरून जा. असलं काही घडलेलंच नाही. आपण नीट सुरुवातीपासून सुरुवात करू.

ऑफिसात तिला ठिपकेवाली म्हणायचे. कामच तसं होतं. शहरात कुठेही कुणी गोळ्या खाऊन, काही हुंगून नाहीतर टोचून घेऊन कोसळला की नकाशावर त्या जागी लाल ठिपका द्यायचा. ठिपके दाट तिथे समुपदेशनाची खोली, शाळेशाळेत जाऊन पोरांशी बोलणारी माणसं, मदतीचा फोन. ठिपके नाहीत तिथे अभिनंदन. याआधीची पद्धत म्हणजे साहेबांची गाडी जिथून जायची तिथे 'नशा टाळा' असा बोर्ड लावणे. आकडे बघून काम करा म्हणून ठिपकेवालीच सगळ्यांशी भांडली होती, त्यामुळे आता बोटं मोडायची तर सुरुवात स्वतःपासून करावी लागायची.

कारण ती राहायची त्या वॉर्डात एकही ठिपका नव्हता. नकाशावर तो असा कोरा दिसायचा की तिथे कुणी साधं शिंकतही नसावं. प्रत्यक्षात तिच्या इमारतीच्या जिन्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं पायाखाली करकर वाजायची. वाजली की खालच्या मजल्यावरचे आजोबा आतूनच विचारायचे, कोण आलं.

झोल नियमात होता. अँब्युलन्स जिथून माणूस उचलेल तिथे ठिपका. माणूस आपापला दवाखान्यात पोचला तर ठिपका दवाखान्याच्या दारात. आणि या वॉर्डात अँब्युलन्स कुणी बोलवायचंच नाही, कारण तिच्या मागोमाग पोलिसांची गाडी यायची आणि कोसळलेल्याबरोबर त्याला पाणी पाजणाराही आत जायचा. म्हणून लोक आपली माणसं खांद्यावर, हातगाडीवर, एकदा तर कपाटाच्या दारावर आडवी टाकून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचे. ते हॉस्पिटल शेजारच्या वॉर्डात, बंगल्यांच्या मधोमध. झालं. सगळ्या वॉर्डाची नशा बंगलेवाल्यांच्या नावावर. तिथे समुपदेशनाच्या खोल्यांवर खोल्या उघडल्या. तिथले समुपदेशक इतके मोकळे असायचे की एकमेकांचंच समुपदेशन करायचे. त्यातल्या दोघांचं लग्नही जमलं.

कोऱ्या वॉर्डात एकच खोली होती. सरकारी दवाखान्यातली जुनी एक्स-रेची खोली. मशीन गेलं होतं, भिंतीवरची पाटी राहिली होती: 'श्वास घ्या. रोखा. सोडा.' समुपदेशक बाई म्हणायच्या, माझं निम्मं काम ही पाटीच करते. दर मंगळवारी तिथे ठिपकेवालीचा धाकटा भाऊ जायचा. घरातलं सगळं विकून झाल्यावर, अगदी कुकरची शिट्टीसुद्धा, पहिल्यांदाच त्याचं कुठेतरी जाणं घरच्यांना आवडत होतं. तो सुधारत होता असं नाही. पण मंगळवारी दाढी करत होता.

आणि ऑर्डर आली. शून्य घटना, सबब खोली बंद, बाई बंगल्यांकडे.

ठिपकेवाली बैठकीत उभी राहिली. नियम चुकीचा आहे, ठिपका माणसाच्या घराच्या पत्त्यावर द्या, असं तिने शांतपणे सांगितलं. साहेबांनीही शांतपणे सांगितलं की पत्त्यांचा रकाना लोकांच्या अब्रूसाठी काढून टाकलाय. मग तिने जिन्यातली पाकिटं पिशवी भरून आणली होती ती टेबलावर ओतली. साहेबांच्या सहायकाने ती अंगभर सॅनिटायझर लावून गोळा केली. पाकीट म्हणजे घटना नव्हे, साहेब म्हणाले, उद्या तुम्ही रिकामे चपलांचे खोके आणाल आणि म्हणाल माणसं चालली.

मग तिचं डोकं फिरलं.

"माझा भाऊ पडला होता, साहेब. भर दुपारी, आमच्या जिन्यात. ओठ निळे पडलेले. मी त्याला ओढणीने पाठीशी बांधला आणि स्कूटरवर हॉस्पिटलात नेला. तो तुमच्या बंगल्यांचा ठिपका आहे ना, हॉस्पिटलच्या दारातला, तो माझा भाऊ आहे."

कुणीतरी बिस्किटाची बशी तिच्याकडे सरकवली.

"वाईट वाटलं हो," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं होतं, त्याचाच तर संताप. "पण चूक तुमचीच झाली. अँब्युलन्सची वाट बघायची होती. हद्दीत एक घटना दाखवा, खोली उद्या परत देतो. मी काय दगड आहे का?"

वाट बघितली असती तर ठिपका अगदी बरोबर जागी पडला असता. भाऊ नसता, पण ठिपका बरोबर.

घरी आल्यावर तिने दार असं आपटलं की खालून आजोबांनी विचारलं, कोण गेलं. धाकटा दाढीचा साबण लावून बसला होता. मंगळवार होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने साबण पुसला, अर्धा गाल तसाच ठेवून.

"एवढा कोसळलो, तरी तुझ्या नकाशात नाही मी?"

"शेजारी आहेस."

"बंगल्यात?"

"बंगल्यात."

"भारी," तो म्हणाला, आणि चप्पल घालू लागला. कुठे चाललास विचारलं तर म्हणाला, आता मंगळवारी कुठेच जायचं नाही ना, मग कुठेही जातो. ती दारात आडवी उभी राहिली. तो हसला, तिला बाजूला सारलं नाही, तिथेच उंबऱ्यात बसला. तीही बसली, पाठ दाराला लावून. आज तो जाणार नव्हता. रोज दारात बसायला तिला सुट्टी मिळणार नव्हती.

सत्काराची तारीख ठरली होती, पण ते घडलेलं नाही असं आपलं ठरलंय. तिने तिथेच बसून अर्ज लिहिला.

"मा. साहेबांस. विषय: हद्दीत कोसळण्याच्या परवानगीबाबत. महोदय, समुपदेशनाची खोली बंद झाल्याने अर्जदाराचा धाकटा भाऊ पुन्हा कोसळण्याची दाट शक्यता आहे. तरी त्यास वॉर्डाच्या हद्दीतच कोसळण्याची पूर्वपरवानगी मिळावी. अँब्युलन्स येऊन रीतसर नोंद होईपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवण्याचे लेखी आदेश संबंधितांस द्यावेत. आणि ठिपका योग्य जागी पडल्याची खात्री झाल्यावर सदर भाऊ चालू स्थितीत अर्जदारास परत करावा, ही नम्र विनंती."