होविताचं उकडलेलं अंडं

झाडफूक करणाऱ्या तायता तोरिबियोच्या अंगणात सकाळपासून रांग होती. प्रत्येकाच्या हातात घरच्या कोंबडीचं एक अंडं आणि मास्क हनुवटीखाली. साथ आल्यापासून किटो शहराच्या वरच्या डोंगरातलं हे गाव झोपच हरवून बसलं होतं. कुणाला बसल्याजागी धाप लागे, कुणी दार उघडायला घाबरे. तायता आणलेलं अंडं अंगावरून फिरवी, ग्लासातल्या पाण्यात फोडी आणि आतून काळाकुट्ट बलक सांडे.

"ही बघा अंगात शिरलेली मेलेल्यांची हवा. डॉक्टरला सापडेल का? त्याच्याकडे नुसती सुई. माझ्या पाठीशी सतरा संत आहेत, अठरावा वाटेत आहे."

दवाखान्यातली नर्स होविता हे ऐकून ऐकून कातावली होती. साथीत आई गेली. ना रात्र जागवून निरोप, ना शेवटचं तोंड पाहणं. तेव्हापासून धाकट्या एल्वियाच्या छातीत धडधड आणि डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी कुठे जरा झोप लागायला लागली होती, तर या तायताने त्याच बंद करायला लावल्या. आता ती दिवस दिवस विहिरीच्या काठाशी बसून राही. होविता सांगून थकली, भांडून थकली. शेवटी आज स्वतःच अंडं घेऊन बहिणीबरोबर रांगेत उभी राहिली.

तायताने अंडं "संतांना दाखवायला" फडक्याखालच्या टोपलीत ठेवलं, मग काढून एल्वियाच्या अंगावरून फिरवलं आणि फोडलं. पाणी काळं झालं.

"तायता, हे माझंच अंडं ना?" होविताने विचारलं.

"मग काय मी घातलं? तुझंच, बाई."

"कमाल आहे. मी तर ते पंधरा मिनिटं उकडून आणलं होतं."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. होविताने फडकं ओढलं. टोपलीतलं आपलं अंडं उचलून टेबलावर आपटलं. आत पांढरं, टणक. शेजारच्या अंड्यांच्या टोकांना मेणाचे ठिपके होते. तिने एक नखाने खरवडला. खाली सुईचं भोक, आत शाई.

"सुई तुमच्याकडेही आहे की."

संत कोपतील, असं बडबडत तायता घरात शिरला. रांग मात्र तशीच.

"पण मला बरं वाटलं होतं," एक म्हातारी म्हणाली. होविताला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"वाटणारच, मावशी. वर्षभरात पहिल्यांदा कुणी जवळ बसून विचारलं, काय होतंय म्हणून. ते आपण एकमेकांना का विचारत नाही?"

"ताई," एल्विया हळूच म्हणाली, "मग माझी धडधडही खोटीच का?"

"नाही गं. दुखणं खरं आहे, अंडं खोटं आहे. मन आजारी पडतं, त्याला औषध लागतं, सोबत लागते, वेळ लागतो." मग ती रांगेकडे वळली. "दवाखाना आठला उघडतो. अंडी घरी नेऊन खा. आणि पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आधी फडकं उचलून बघा."

एल्वियाने उकडलेलं अंडं सोललं आणि अर्धं खाल्लं. चार दिवसांनी तिच्या पोटात काही गेलं होतं.

"गोळ्या मी फेकल्या नाहीत," ती म्हणाली. "पिठाच्या डब्यात लपवल्यात."