लाकडं आणायला गेलेला

आफीबाईंनी लाल तेलातल्या चवळीच्या दोन वाट्या अस्मीसमोर ठेवल्या, तेव्हा सुजाता घाईनं म्हणाली, "एकच पुरे. ही एकटीच आहे."

बाईंनी हात मागे घेतला नाही. दुसरी वाटी त्यांनी अस्मीच्या डाव्या बाजूला, मोकळ्या चटईवर सरकवली. "एकटी? ऐसा नहीं बोलने का, मॅडम."

फेस्टिव्हलसाठी खाडीकाठी देशोदेशीची गावं उभारली होती. त्यातलं हे बेनिनचं. मातीच्या तीन झोपड्या, मधली म्हणजे गावाचं म्युझियम. आफीबाई तिथल्या राखणदार. दुबईच्या देरा बाजारात कापड विकता विकता हिंदी शिकलेल्या. दुपारचे चार वाजत होते, गर्दी अजून यायची होती. सतीश बाहेरच थांबला होता. "झोपडी बघायला दुबईला आलो का आपण? तुम्ही या जाऊन," असं म्हणून तो ढोलवाल्यांकडे वळला होता.

आत भिंतीला फळी होती आणि फळीवर वीतभर लाकडी बाहुल्या, जोडीजोडीनं, कमरेला एकच दोरा बांधलेल्या. जुळ्यातलं एक गेलं की आई अशी बाहुली करून घेते, दोन्ही गेली तर जोडी, असं बाईंनी सांगितलं होतं. तिला रोज न्हाऊ घालते, भरवते, बाजारात जाताना लुगड्यात खोवून नेते. धुऊन धुऊन काहींचे नाकडोळे पार झिजून गेले होते. सुजाताला वाटत होतं, डोळे नसलेल्याच आपल्याकडे जास्त बघताहेत.

अस्मी आत आल्या आल्या सगळ्या जोड्या ओलांडून सरळ टोकाला गेली होती आणि खाली चटईवर ठेवलेल्या एकट्या बाहुलीशेजारी, तिला उजवीकडे ठेवून, बसली होती. बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"अस्मी, इकडे ये माझ्याजवळ."

"आय ॲम फाइन हिअर, आई."

सुजाता दोन पावलं तिच्याकडे सरकली. चार वर्षं ती या पोरीला डोळ्यांत तेल घालून जपत होती. झोपेतला श्वाससुद्धा नाकाशी बोट धरून बघायची. अस्मीचा जुळा, तिच्या मागोमाग आलेला मुलगा अकरा तास जगला होता. त्याला पुरायला सतीश एकटा गेला आणि दुसऱ्या दिवशी साइटवर हजर झाला. "गेलेल्याचा उच्चार करू नये, राहिलेल्याला बाधतं," असं सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि घरात तो विषय खलास झाला. नर्सरीच्या फॉर्मवर, शेजारणींना, डॉक्टरांना, सगळीकडे सुजाता एकच उत्तर द्यायची. एकच मुलगी.

"हिचा जुळा भाऊ गेला, ते हिला माहीत नाही," ती बाईंना हळूच म्हणाली. ते आपण का कबूल केलं, हे तिचं तिलाच कळेना.

बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. "हमारे गाव में मर गया नहीं बोलते. बोलते हैं, लकडी लाने गया है. जंगल में."

"आणि एकच आहे असं म्हटलं तर?"

"तो गुस्सा होता है." बाईंनी अस्मीकडे पाहिलं. "फिर दुसरे को बुलाता है. साथ के लिए."

एम.एस्सी. झालेल्या सुजाताला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. किती वेळा म्हणालो आपण एकच, याचा ती हिशेब करू लागली आणि तो लागेना.

अस्मीनं आपली वाटी चाटूनपुसून संपवली. दुसरीला हात लावला नाही.

"ही डजन्ट लाइक इट," ती म्हणाली. "त्याला तिखट लागतं."

"कोणाला आवडत नाही, बाळा?"

अस्मीनं नुसते खांदे उडवले आणि रिकाम्या चटईकडे पाहिलं.

"नाम क्या है उसका?" बाईंनी विचारलं.

"ठेवलंच नाही. वेळच कुठे मिळाला?"

इतका वेळ शांत असलेल्या बाई पहिल्यांदा अस्वस्थ झाल्या. "बिना नाम? फिर वापस कौन बुलाएगा उसको?"

सुजातानं अस्मीला उचललं आणि ती बाहेर आली. उन्हानं डोळे दिपले. सतीश खिशात किल्ली खुळखुळवत उभा होता.

"यल्ला, निघू या. नंतर पार्किंगमधून गाडी निघायची नाही."

"सतीश, आपल्याला दोन मुलं आहेत."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल, ही ऐकेल."

"ऐकू दे. त्याला साधं नावसुद्धा नाही रे."

किल्लीचा आवाज थांबला. तो खाडीकडे वळला.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"त्याला पुरलं, तिथल्या फॉर्मवर नावाचा रकाना होता. रिकामा सोडून चालणार नाही म्हणाले. मग मी लिहिलं."

"काय लिहिलंस?"

चार वर्षांत ते नाव त्यानं एकदाही मोठ्यानं उच्चारलं नसावं.

"कैवल्य."

सुजातानं अस्मीला खाली उतरवलं. झोपड्यांकडे तोंड करून, पानं वाढून झाल्यावर मुलाला जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात, तिनं हाक मारली. मग पुन्हा एकदा. सतीशनं तिला थांबवलं नाही.

ती दोघं पार्किंगकडे वळली, पण अस्मी जागची हलली नाही. डावा हात जरासा मागे धरून ती उभी होती, कोणीतरी पोचेपर्यंत थांबावं तशी.