भिवराबाईचा डावा हात

मित्रांनो, विहिरीच्या तोंडावर टांगलेलं, दोर वाहणारं लोखंडी चाक तुम्ही पाहिलं असेल, किंवा नसेलही. हल्ली फार कुणी पाहत नाही. त्याला कप्पी म्हणतात. मी तशीच एक जुनी कप्पी आहे. माझी हकिगत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. विहिरीवर होते तेव्हाही मी नुसती कुरकुरायची. पण एक गोष्ट मी पाहिली आहे आणि जी शहाणी माणसं तिथे होती ती गप्प आहेत. म्हणून धीर करून सांगते.

आश्रुबांनी मला परळीच्या बाजारातून आणलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. त्यांचं गाव सिरसाळ्यापासून दोन कोसांवर. घरात त्यांची थोरली सून नुकतीच आली होती, भिवराबाई. ती दोन्ही हातांनी पाणी शेंदायची. मी फार कुरकुरले की तेलाचं बोट माझ्या आसाला लावायची. पुढे विहिरीवर मोटार बसली आणि मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकले. दरसाल दसऱ्यानंतर भिवराबाई ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची. मला गंज चढत होता. त्यात कुणाचा दोष नव्हता.

तीन वर्षांपूर्वी भिवराबाईला छातीचा कॅन्सर झाला. लांबच्या मोठ्या दवाखान्यात डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले, पुन्हा आले. ती बरी झाली. पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. ज्याने त्याने सांगितलं, जपून राहा, हात हलवू नका. तिने ऐकलं, आणि हात आणखीच आखडला.

तिच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या डोक्यावर आडवी दांडी असते. त्या दांडीला करंज्या, साटोऱ्या, पापड्यांच्या माळा बांधतात. त्याला फुलोरा म्हणतात. तो बांधायचा मान थोरल्या सुनेचा, आणि तोही दोन्ही हातांनी बांधायचा. आजारपणानंतरची दोन वर्षं तो धाकट्या जावेने बांधला. दुसऱ्या वर्षी जाऊ म्हणाली, "बाई, पुढल्या साली बी तुमचा हात वर न्हाई गेला, तर मुखवटे माज्या घरी येऊ द्या. कावून जिवाला तरास करून घेता?"

भिवराबाई तिथून उठली. गोठ्यात आली आणि माझ्याखाली बराच वेळ उभी राहिली.

यंदा उन्हाळ्यात केजहून जीपने दिपालीताई आली. एका संस्थेने तिला पाठवलं होतं. कॅन्सरमधून उठलेल्या बायांना व्यायाम शिकवायचा, हे तिचं काम. आसपासच्या वस्त्यांवरच्या अकरा बाया जमल्या. दिपालीताई म्हणाली, "शहरात यासाठी दोर आणि चाक असतं. इथं कुणाकडं कप्पी आहे का?"

"माज्या गोठ्यात हाय की!" भिवराबाई म्हणाली.

अशी मी समाजमंदिरापुढच्या कडुलिंबाच्या फांदीला चढले. माझ्यावरून दोर टाकला. दोन्ही टोकांना पाइपाचे तुकडे मुठीसाठी ओवले. चांगला हात खाली ओढायचा, म्हणजे दुखरा हात आपोआप वर जातो. इतकं साधं.

पहिल्या दिवशी त्या अकरांतली सारजाबाई हसून म्हणाली, "आगं भिवरे, खाली हीर न्हाई, बादली न्हाई. वडती काय?"

"माजाच हात वडते. लई खोल गेलाय."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, आपला पुन्हा उपयोग झाला. गंजलेल्या लोखंडाने इतकं सुखावू नये, पण मी सुखावले.

समाजमंदिराच्या भिंतीवर दिपालीताईने प्रत्येकीच्या नावाने खडूची रेघ ओढली होती. दुखरा हात जिथवर पोचेल तिथे रेघ. दर बुधवारी नवी रेघ पहिलीच्या वर जायची. भिवराबाईने घरची दांडी मोजून तेवढ्या उंचीवर गेरूची रेघ ओढून घेतली.

"ताई, तितवर पोचले की झालं. मंग तुमी नाय आलात तरी चालतंय."

"असं कसं मावशी? महालक्ष्म्या बसेपर्यंत दर बुधवारी मी येणार. फुलोऱ्याला करंजी खायला तर नक्कीच."

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. श्रावण लागला तेव्हा गेरूच्या रेघेला फक्त चार बोटं उरली होती.

आणि मग कार्यक्रम ठरला. संस्थेचे मोठे साहेब पाहायला येणार होते. गावचे पुढारी गहिनीनाथराव यांनी तयारी हातात घेतली. ते म्हणाले, "सायेब येनार, अन् भिताडावर ही काय चितरं काढलीत? चुना मारा बे!" पोरांनी चुना मारला. अकरा नावं, खडूच्या साऱ्या रेघा आणि गेरूची एक रेघ पांढरी झाली. फलक बांधायला दोर कमी पडला, म्हणून माझ्यावरचा दोर काढून नेला. मी एकटी फांदीला राहिले. वाटलं, कार्यक्रम झाला की देतील परत.

साहेब आले, हार झाले, भाषणं झाली. शेवटी साहेबांनी समोर बसलेल्या बायांना विचारलं, "या व्यायामाने कुणाकुणाला फरक पडला? हात वर करा!"

मित्रांनो, त्या बाया सरळ होत्या. फरक पडला होता, म्हणून त्यांनी हात वर केला. सभेत हात वर करायचा तर माणूस कुठला करतो? जो चटकन जातो तो. अकराच्या अकरा हात वर गेले. सारे चांगले हात. दुखरे हात पदराखाली मांडीवर होते. भिवराबाईचा उजवा सगळ्यांत उंच होता.

"वा! शंभर टक्के!" साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

दिपालीताई पहिल्या रांगेत होती. कोणत्या बाईचा कुठला हात, हे तिला पाठ होतं. ती खुर्चीतून अर्धी उठली. मला वाटलं, आता बोलेल. तेवढ्यात साहेब म्हणाले, "दिपालीताई, तीन महिन्यांत काम फत्ते! आता पुढचं गाव घ्या." ती तशीच खाली बसली. तिने मान खाली घातली आणि टाळ्या वाजवल्या.

तिला दोष द्यावा का, मला अजून कळत नाही. तिला नोकरी होती, भीती असेल. पण ती अर्धी उठली होती, हे मला विसरता येत नाही. मुळीच उठली नसती तर मला इतकं लागलं नसतं.

पुढच्या बुधवारी बाया लिंबाखाली येऊन बसल्या. जीप आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी तिघीच आल्या. सारजाबाई म्हणाली, "सायबानं सांगितलं न्हवं, आपन बऱ्या झालो म्हनून? त्यो काय खोटं बोलंल?" मग कुणीच आलं नाही. दोरही आला नाही. एका वाऱ्याच्या दिवशी मी फांदीवरून निखळून चिखलात पडले.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी भिवराबाईने मला उचललं, पदराने पुसलं आणि घरी नेऊन कोनाड्यात ठेवलं. म्हणून पुढचं मला दिसलं.

सकाळी मुखवटे बसले. साऱ्या घरासमोर भिवराबाईने साटोऱ्यांची माळ दोन्ही हातांत घेतली. उजवा हात दांडीपर्यंत गेला. डावा खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला. ती चवड्यांवर उंच झाली. ओठ आवळले. श्रावणात चार बोटांवर आलेली दांडी आता वीतभर लांब होती. माळ सुटली आणि एक साटोरी खाली पडून फुटली.

कुणी हसलं नाही. जाऊ पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "द्या इकडं, बाई."

भिवराबाईने माळ दिली. म्हणाली, "पुढल्या साली मुखवटे तूच ने."

संध्याकाळी नात तेजश्री मोबाइल घेऊन धावत आली. "आज्जे, तुजा फोटू आलाय! खाली लिहिलंय, सगळ्या महिलांचे हात पूर्ण बरे झाले."

भिवराबाईने फोटो डोळ्यांजवळ धरला. फोटोतल्या आपल्या हातावर बोट ठेवलं.

"आगं पोरी, ह्यो तर माजा उजवा हाय," ती म्हणाली. "ह्याला काय झालंच नव्हतं."

मग तिने जुन्या लुगड्याचा काठ फाडला, त्याला पीळ देऊन दोर केला, मला ओसरीच्या वाशाला बांधलं आणि तो दोर माझ्यावरून टाकला. तेलाचं बोट माझ्या आसाला लावलं. रोज सकाळी ती ओढते. कधी सारजाबाई येते, कधी येत नाही. भिंतीवर रेघ मारायला कुणी नाही. हात फुलोऱ्यापर्यंत पोचेल का, मला माहीत नाही. पोचला तरी दांडी आता दुसऱ्याच्या घरात असेल.

मित्रांनो, मी एक साधं चाक आहे. मोठ्या गोष्टी सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच मागते. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी ताई व्हाल. तुमच्यासमोर कुणी हात वर केला, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा वाकून बघा, त्याचा दुसरा हात कुठे आहे. आणि अर्धे उठलात, तर पुरते उठा.