फाटकावरची जुडी

"ती बंद दारातून आत येते! कुलपाला ओरखडासुद्धा नाही!" वस्तीतली मंत्रतंत्र करणारी झायनाप बूबू हिने डोळे फिरवले आणि अंगणातली पन्नास-साठ माणसं मागे सरकली. मीही सरकले, खोटं कशाला बोलू?

बिश्केकच्या कडेला असलेल्या आमच्या आक-जार वस्तीत दोन महिन्यांत नऊ घरं साफ झाली होती. सगळी दिवसाढवळ्या. बूबू म्हणाली, ही अल्बार्स्ती, पिवळ्या केसांची हडळ. उपाय म्हणून तिने आदिरश्मान या उग्र वासाच्या रानझुडपाच्या मंतरलेल्या, वाळक्या जुड्या वाटल्या. "बाहेर जाताना फाटकाला बांधा, आल्यावर काढा. उगाच लटकत ठेवाल तर तेज जळेल!" नजर लागू नये म्हणून आदिरश्मानची धुरी आम्ही घरोघर देतोच, त्यामुळे शंका कोणाला यावी? मीही बांधत होते.

चोऱ्या थांबेनात, तेव्हा बूबूने हडळीचा साथीदार शोधला. मेलिस, तुरुंगातून सुटून म्हाताऱ्या आईजवळ आलेला. "शुक्रवारी दुपारपर्यंत त्याला हाकला, नाहीतर ती पाळण्यातली पोरं नेईल!"

त्यानंतर भर दुपारी वस्तीत पडदे ओढलेले. स्वतःच्या घरात मला पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे आणि वळून बघायची भीती वाटे.

मी दवाखान्यातली नर्स. गुरुवारी लसीच्या फेरीवर होते. सोबत आलेले शेजारचे सागिन काका एका घराकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, ते घर वगळलंत की!"

"घरात कोणी नाही काका. फाटकाला जुडी बांधलीय ना."

बोलले आणि अंगावर काटा आला. मला कळतं ते चोराला कळत नसेल? आणि किल्ली तर आमच्यात जो तो दाराच्या चौकटीवर ठेवतो, पोरं आधी घरी आली तर असावी म्हणून. कुलूप फोडायची गरजच काय!

"काका, उद्या जुडी बांधा. आणि घरातच बसा."

शुक्रवारी सकाळी काकांच्या फाटकाला जुडी बांधली, एक किल्ली चौकटीवर ठेवली आणि दुसरीने आतून दार लावून आम्ही दोघं त्यांच्या घरात बसलो. अकराला फाटक करकरलं. काकांनी माझं मनगट धरलं. चौकटीवर बोटं सरपटली. किल्ली फिरली.

दारात बूबूचा भाचा, तिची गाडी चालवणारा. हातात रिकामं पोतं.

"या हडळबाई!" काका गरजले. "केस कधी कापलेत?"

पोरगा घडाघडा बोलला. मावशी जुड्या वाटायची, हा फाटकं बघत हिंडायचा. त्याला पोलिसांच्या हवाली केलं, बूबूचं नावही दिलं आणि आम्ही मेलिसच्या घराकडे धावलो.

लोकांनी दुपारची वाट पाहिलीच नव्हती. फाटक आडवं पडलं होतं. अंगणात मेलिस आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दगड तिच्या डोळ्यावर बसला होता.

मी पट्टी बांधू लागले. "चोर सापडला का गं?" तिने विचारलं.

"सापडला, आजी."

"मग सांग ना त्यांना."

मी सांगितलं. सगळे ऐकत उभे राहिले, जवळ कोणी आलं नाही.

आजींचा डोळा वाचला नाही. दगड कोणाचा, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

बाबांनो, किल्ली खिशात ठेवा, शेजाऱ्याला सांगून जा, चोरी झाली तर पोलिसांत जा. आणि कोणी कोणाला चोर म्हणालं, तर दगड उचलण्याआधी एवढंच विचारा: तुम्ही पाहिलंत का?