रिठ्याचा घोट

“थुक! आधी थुक!” दुर्गाबाई आपल्या लहानग्या वच्छलाच्या पाठीवर थापट्या मारत होती. पोरीला ओकाऱ्यांवर ओकाऱ्या येत होत्या. मुठीतला पपईच्या पानाचा पोकळ देठ तिने तरीही सोडला नव्हता.

तो देठ तानुबाईने दिलेला. अमरावतीच्या बाजारात ती मळ्यातली भाजी विकायची आणि भाजीशेजारी पोरांसाठी देठाने फुंकायच्या फुग्यांचं पाणी ठेवायची. महायुद्धापायी साबण मिळेनासा झाला, तेव्हापासून रिठ्याचं. फुगा लवकर फुटू नये म्हणून आज तिने त्यात गूळ घातला होता. वच्छलाच्या जिभेला गोडी लागली आणि फुंकायचं सोडून तिने पाणी ओढूनच घेतलं.

“ए बुढे, काय पाजलं माह्या पोरीले?” वच्छलाच्या बापाने, खुशालरावाने, तानुबाईचं मनगट धरलं.

“रिठ्याचं पानी हाय, मालक. गूळ टाकला, थे चुकलं माहं. पन जहर नाही.”

“जहर नाही त पी तू!” मागून कोणीतरी ओरडलं. झालं! दवाखाना एकालाही आठवेना, जहर मात्र सगळ्यांच्या तोंडी झालं.

रिठा पोटात गेला की ओकारी येते, हे तानुबाईला पक्कं ठाऊक होतं. आपण ओकलो की लोकांच्या लेखी ते विषच ठरणार, हेही. वच्छला डोळे फाडून तिच्याकडे पाहत होती. तानुबाईने मोकळ्या हाताने त्या पाण्याची वाटी उचलली आणि पिऊन रिकामी केली.

तिच्या कपाळावर घाम फुटला. ओठ घट्ट मिटून ती पोरीकडे पाहून हसली.

हळूहळू वच्छलाच्या ओकाऱ्या थांबल्या. “माय, पानी,” ती म्हणाली. खुशालरावाने मनगट सोडलं. माफीबिफी काही नाही. माणसं पांगली, तोही बैल जुंपायला निघून गेला.

तानुबाई कशीबशी गाड्यांच्या मागे पोचली आणि भडभडून ओकली. मागोमाग दुर्गाबाई आली, पोर कडेवर, हातात पाण्याचा तांब्या.

“मावशी, तुले मालूम व्हतं, ओकारी येते म्हून?”

“व्हय.”

“मंग पेली काहून?”

तानुबाईने चूळ भरली. “सारे जहर जहर करून राहिले व्हते. पोरगी आयकत व्हती ना. तिले वाटलं असतं, आपुन आता मरतो.”

दुर्गाबाईने वाकून उरलेलं पाणी तानुबाईच्या हातांवर ओतलं.