कृष्णकमळाचं कुळ

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणावर यमुनाकाकूंनी कृष्णकमळाचा वेल चढवला होता. यंदा त्यावर विटकरी, काटेरी अळ्या पडल्या आणि बघता बघता शेंड्याची चार पानं सोडली तर वेलाच्या काड्या झाल्या. मग त्या अळ्या मधली जास्वंद ओलांडून थेट गेटजवळच्या पिवळ्या फुलांच्या झुडपांवर गेल्या.

काकू चिडल्या. "परेश, उद्याच फवारणी करून घे," त्यांनी सेक्रेटरीला बजावलं.

तळमजल्यावरची रचना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती वाकून बघतच राहिली. "काकू, एवढी कोवळी जास्वंद, पण तिला यांनी तोंडही लावलं नाही. जरा थांबता?"

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून तीन बाटल्या घेऊन काकूंकडे आली. प्रत्येकीत एकेका झाडाची चुरडलेली पानं घातली आणि बुचाखाली रसायनात भिजवलेली पिवळी कागदपट्टी अडकवली. जास्वंदीची पट्टी पिवळीच राहिली. वेलाची आणि झुडपाची मात्र हळूहळू विटकरी झाली.

"हे काय गं?"

"सायनाइड. पान चुरडलं की सुटतं."

"अगं बाई! आणि मी त्या वेलाची फुलं देवाला वाहते!"

"खुशाल वाहा. पानं तेवढी चावू नका," रचना हसली. "नुसती पट्टी लाल झाली म्हणून नातं ठरत नाही हं. साबुदाण्याच्या कंदाच्या झाडातही सायनाइड असतं. पण ज्या रेणूतून ते सुटतं, त्याची घडण तुमच्या वेलात आणि या पिवळ्या फुलांच्या झुडपात एकसारखी आहे. पाच कार्बनांचं कडं. फार थोड्या झाडांत ते सापडतं. पूर्वी या झुडपाचं कुळ वेगळं मानायचे. पुढे रसायनं, जनुकं सगळं ताडून पाहिलं आणि त्याला कृष्णकमळाच्याच कुळात घेतलं."

काकू खिडकीतून झुडपांकडे बघत राहिल्या. "आणि या अळ्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांना चवीवरून कळतं. तेच विष पचवून जगतात त्या."

"धन्य आहे बाई," काकू पुटपुटल्या आणि त्यांनी परेशला फोन लावला.

फवारणी झाली नाही. काही दिवसांनी कुंपणाच्या भिंतीवर कोष लटकले आणि त्यांतून काळ्या ठिपक्यांची तांबूस फुलपाखरं निघाली. काकू आता येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून गेटपाशी नेतात आणि म्हणतात, "ही दोन झाडं चुलत बहिणी बरं का. आमच्या रचनानं दाखवलं मला."